पट्टी ओढ आणि खरं बोल

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे, असं छाती फुगवून सांगायची माझी फार इच्छा आहे. पण खरं सांगायचं तर आता मी तक्ता राहिलेलो नाही. एका मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात एक एप्रन आहे, त्याच्या खिशात काही कापडी पट्ट्या कोंबलेल्या आहेत, त्या सगळ्या मिळून मी. कुणी म्हणेल, या चिंध्यांनी कसली आत्मकथा सांगायची! सांगू द्या. चिंध्यांनाही मागचं पुढचं असतं.

माझा जन्म एका पेंटरच्या दुकानात झाला. जाड मांजरपाट ताणून बसवला, त्यावर पांढऱ्या तेलरंगाचे हात दिले आणि वाळल्यावर काळी अक्षरं काढली. हा पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवणारा. इंग्रजीचा त्याला गंध नव्हता, अक्षर म्हणजे त्याच्या लेखी चित्र. मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरांनी त्याला एक कागद दिला. त्यावर इंग्रजीतली वाकडी क्रियापदं होती आणि प्रत्येकाची तीन रूपं. वाकडी अशासाठी, की सरळ क्रियापदं बिचारी शहाणी असतात, 'एड'चं शेपूट लावलं की निमूट भूतकाळात जातात. वाकड्यांचं तसं नाही. 'गो' काल गेलं तर 'वेन्ट' होतं आणि जाऊन बसलेलं असलं तर 'गॉन'. ती पाठच करावी लागतात.

पेंटरने कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "मास्तर, दुकान कसलं आहे? आणि खाली फोन नंबर टाकायचा ना?"

"दुकान नाही रे, वर्ग आहे. नंबर नको. अक्षर मात्र लांबून वाचता आलं पाहिजे."

पेंटरने जीव ओतला. प्रत्येक अक्षराला त्याने पाटीसारखी सावली दिली. तिसरा रकाना लाल केला, कारण त्याच्या मते लाल रंगाशिवाय गिऱ्हाईक थांबत नाही. माझं 'ड्रिंक-ड्रँक-ड्रंक' तर असं सजलं होतं, की सरबताच्या दुकानावर टांगलं असतं तरी शोभलं असतं. वर-खाली लाकडी दांडे लागले, दोरी आली आणि मी मास्तरांच्या खांद्यावर बसून वर्गात गेलो. रूपाचा गर्व मला तेव्हापासूनच आहे, तो मी लपवत नाही.

वर्ग सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत भरायचा. येणारे सगळे मोठे लोक. ड्रायव्हर, आचारी, शिंपी, पहारेकरी, दिवसभर राबून आलेले. मास्तर वेताच्या काठीने माझ्या पहिल्या ओळीवर टक् करायचे आणि सगळे सुरात सुरू करायचे, "बिगिन-बिगॅन-बिगन! ब्रेक-ब्रोक-ब्रोकन! ब्रिंग-ब्रॉट-ब्रॉट!" शेवटची ओळ 'राइट-रोट-रिटन'ची. तिथपर्यंत पोचेपर्यंत खोली दणाणून जायची. खालचा सायकलवाला त्याच तालावर हवा भरायचा आणि 'ईट-एट-ईटन' आलं की डबा उघडायचा. एकदा कुणी मोठे साहेब पाहुणे म्हणून आले, त्यांनी माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "हा तक्ता म्हणजे या वर्गाचा प्राण आहे." मित्रांनो, त्या दिवशी माझी दोरीसुद्धा ताठ झाली होती.

एक अडचण होती, पण तिच्याकडे कुणी अडचण म्हणून पाहत नव्हतं. या वर्गातून शिकलेल्या माणसाला कुठलंही क्रियापद हवं असलं, की तो मनात पहिल्या ओळीपासून निघायचा. मधूनच चढायची सोय नव्हती. ड्रायव्हरला परदेशी पाहुण्याने विचारावं, 'काल तुम्ही कुठे गेला होतात?' आणि ड्रायव्हरने 'बिगिन'पासून सुरुवात करावी. तो 'गो'पर्यंत पोचायच्या आत पाहुणा गाडीतून उतरून गेलेला असायचा. लोक त्यावर हसत, आपण मंद आहोत म्हणून कपाळाला हात लावत आणि पुन्हा वर्गात येऊन आणखी मोठ्याने म्हणत.

मग मास्तरांचे डोळे अधू झाले. आधी माझ्या खालच्या ओळी त्यांना दिसेनात, मग वरच्याही. काठी 'कम'वर टेकायची आणि तोंडातून 'डू' यायचं. विद्यार्थी आदराने 'डू'च म्हणायचे. हळूहळू येणारे कमी झाले, एक दिवस वर्ग बंद झाला आणि मला गुंडाळून मास्तरांच्या घरी कपाटामागे उभं केलं. शेजारी एक मोडकी छत्री होती. तिला बोलण्याची हौस नव्हती. उन्हाळे गेले, हिवाळे गेले, कोळ्याने माझ्या दांड्याला घर बांधलं. कुणी मला पाहायला आलं नाही. फार वाईट वाटायचं, मित्रांनो. ज्याच्याकडे खोलीभर माणसं टक लावून पाहत होती, त्याच्याकडे आता कपाटाची पाठ होती.

मला तिथून बाहेर काढलं ते घडीताईने.

घडीताई ही मास्तरांच्या शेवटच्या तुकडीतली. दवाखान्याच्या धुलाईघरात ती चादरींच्या घड्या घालते. तिच्या घडीची कड कडेला अशी बसते, की सगळे तिला घडीताईच म्हणतात, खरं नाव हजेरीपुरतं. त्या दिवशी ती मास्तरांसमोर येऊन बसली आणि एका दमात सांगून मोकळी झाली.

"मास्तर, आमचं धुलाईघर बंद होतंय. चादरी आता बाहेर धुवायला जाणार. काहींना वॉर्डात मदतनीस म्हणून घेणार आहेत, बाकीच्यांना घरी बसवणार. पण वॉर्डात घ्यायचं तर पाळी बदलताना काम तोंडी सांगता आलं पाहिजे, आणि तेही इंग्रजीत."

"इंग्रजीत का?"

"नर्सबाया चार मुलखांतून आल्यात. एकीची बोली दुसरीला कळत नाही. मग काय झालं, काय राहिलं, हे सगळं इंग्रजीतच सांगतात. मेट्रन मॅडम स्वतः परीक्षा घेणार. मला तक्ता द्या. घरी टांगते आणि पुन्हा घोकते."

घडीताईचा नवरा लांबच्या मजुरीवर, घरी सासूबाई आणि ती. ही नोकरी गेली तर चूल कशाच्या भरवशावर पेटणार, हे मास्तरांना सांगावं लागलं नाही. ते चाचपडत कपाटापर्यंत गेले, मला काढलं, कोळ्याचं घर पुसलं आणि म्हणाले, "ने. पण जपून. याला सुरकुती पडू देऊ नकोस."

अशा रीतीने मी घडीताईच्या घरी, सासूबाईंच्या शिलाई मशीनच्या वर टांगला गेलो. सासूबाई शेजारपाजारच्या बायकांचे कपडे शिवत. त्यांनी चष्मा वर करून मला न्याहाळलं आणि म्हणाल्या, "अक्षर ठसठशीत आहे. पण हे म्हणतात काय?"

"क्रियापदं आहेत, आई. काल केलं, आज करते, करून झालंय, ते सगळं."

"मग म्हण. मला मशीन चालवायला ताल मिळेल."

घडीताई पहाटे म्हणे, संध्याकाळी म्हणे. सासूबाईंच्या पायाखाली मशीन खडखडे आणि वर 'बिगिन-बिगॅन-बिगन' चाले. माझे जुने दिवस परत आले, असं वाटून मी खूश होतो. मग परीक्षेचा दिवस आला. घडीताई नीटनेटकी साडी नेसून गेली आणि परतली ती थेट मशीनशेजारी जमिनीवर बसली. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. तो तिने घेतला नाही.

"काय विचारलं मॅडमनी?"

"सोप्पं विचारलं हो! आज सकाळी काय काय केलंस, एवढंच. मी चादरी नेल्या होत्या वॉर्डात. 'नेल्या'ला 'टेक' लागतं. ते तक्त्यावर पार खाली. मी मनात वरून सुरू केलं. ओठ हलत होते माझे. मॅडमना वाटलं, बाई प्रार्थना करतेय. त्या आदराने थांबल्या. मी 'ईट'पर्यंत आले आणि कुठून निघाले होते तेच विसरले."

सासूबाईंना हसू आलं. ते त्यांनी पदराआड दडवलं, पण घडीताईला दिसलंच. क्षणभर तिला राग आला आणि मग तीही हसली. हसता हसता रडली.

"मग? काढून टाकलं?"

"नाही. म्हणाल्या, आणखी एक संधी आहे, महिनाअखेरीला. त्या वेळी वॉर्डात काम करून घेऊन मगच विचारणार. तेव्हा जमलं नाही तर संपलं."

घडीताई उठली आणि माझ्यासमोर उभी राहिली. माझ्याकडे आजवर पुष्कळांनी पाहिलं होतं, कौतुकाने, कंटाळून, झोपाळून. असं रोखून कुणी पाहिलं नव्हतं. सुरात घोकणाऱ्या बाईच्या डोळ्यांत मला एकदम घडी घालणारी बाई दिसली, जी चादरीचं कापड हातात येताच ठरवते, ही कुठे दुमडायची.

"आई, याच्यात काही वाईट नाही. पण हा एकाच दाराने आत घेतो. मला मधलं पाहिजे असतं आणि हा वरून चालायला लावतो. हा रांगेतच राहिला, तर मी पण रांगेतच राहणार."

"मग?"

"कापायचा."

माझ्या धाग्याधाग्यांत थरकाप झाला, मित्रांनो. घडीताईचाही हात थांबला. "मास्तर म्हणाले होते, सुरकुती पडू देऊ नकोस. आणि मी कात्री लावतेय."

सासूबाईंनी मशीनच्या खणातून मोठी कात्री काढली. "हे बघ, कापड कापताना माझीही छाती धडधडते. अजून धडधडते. पण कापलंच नाही तर शिवणार काय? दुसऱ्याच्या वस्तूला हात लावतेस, हे मात्र त्यांना तोंडाने सांगून ये. ते तुझ्यावर राहिलं." एवढं बोलून त्यांनी माझं एक टोक धरून ताणलं. घडीताईने दुसरं धरलं आणि आडवी कात्री चालवली. ओळीओळीने मी सुटा झालो. कुठल्या पट्टीत 'मी' राहिलो, याचा मी बराच वेळ शोध घेत होतो. माझे दांडे उघडे पडले. सासूबाईंनी त्यांतला एक लगेच पडद्याला लावला, बाईला वाया जाऊ देणं माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी घडीताईच्या एप्रनच्या खिशातून धुलाईघरात जाऊ लागलो. तिथली वाफ, तिथला ओला उबट वास, एका कोपऱ्यात मळक्या चादरींचा ढीग, मध्ये इस्त्रीचा मोठा तापलेला रूळ आणि पलीकडे लांब टेबलावर घड्यांची चळत. चादरीची घडी एकटीने घालता येत नाही, समोर दुसरी बाई लागते. घडीताईच्या समोर उभी राहणारी बाई म्हणजे रेडिओ. सकाळी आल्या आल्या तोंड सुरू होई ते सुट्टी होईपर्यंत बंद होत नसे, म्हणून रेडिओ. इंग्रजीचं नाव काढलं की मात्र ती खरखरायची. "माझं काही खरं नाही बाई. मला घरीच बसवणार. तू शीक."

"तू नुसती पट्टी ओढ," घडीताई म्हणाली. "खिशात हात घाल, हाताला येईल ती काढ. मी त्या शब्दाचं वाक्य बोलणार. मग त्याचा अर्थ तुला सांगणार."

"मला काय कळणार, बरोबर आहे का चूक?"

"ते मी बघते. तू ओढ."

पहिली पट्टी निघाली 'ब्रिंग'ची. घडीताई चटकन् म्हणाली, "आय ब्रॉट द शीट्स यस्टरडे." मनात वरून न चढता तिच्या तोंडून वाक्य निघालं, याचा तिला एवढा आनंद झाला की चादरीचं टोकच सुटलं. तिने अर्थ सांगितला, काल मी चादरी आणल्या.

रेडिओने हातातली चादर खाली केली. "काल? काल तू कुठे आणल्यास? काल गाडा मी ओढला! तू इस्त्रीवर होतीस!"

"अगं, नुसतं वाक्य आहे ते."

"वाक्य असलं म्हणून काय झालं? माझं काम तू तुझ्या नावावर लावतेस, तेही इंग्रजीत, म्हणजे मला कळायलाही नको! हे चालणार नाही. खरं असेल तेच बोलायचं, नाहीतर मी ओढत नाही."

घडीताई हसली, पण तिच्या मनात काहीतरी लख्ख झालं, कारण त्या दिवसापासून तिने तोच नियम केला. पट्टी ओढायची आणि खरं बोलायचं. मित्रांनो, ऐकायला हे सोपं वाटतं. करून बघा. 'पुट'ची पट्टी निघाली. 'आय हॅव पुट द शीट्स ऑन द टेबल' म्हणायचं, तर चादरी टेबलावर समोर दिसल्या पाहिजेत. त्या अजून रुळाखाली असतील, तर 'आय विल पुट', ठेवीन. हातात असून ठेवणं चालू असेल, तर 'आय अॅम पुटिंग'. आणि कालच्या चादरी आज वॉर्डात कुणाच्या तरी अंगाखाली चुरगळल्या असतील, त्यांना 'हॅव' लावायचं नाही, त्यांना 'यस्टरडे' म्हणून मोकळं करायचं. 'पुट'ची तिन्ही रूपं सारखीच आहेत. तरी तिथेही घडीताईला आधी मान वळवून ढिगाकडे, रुळाकडे, चळतीकडे पाहावं लागायचं, आणि मगच तोंड उघडायचं.

रेडिओ फार कडक परीक्षक होती. "झालंय म्हणालीस, पण ही उशीची खोळ राहिलीय. झालंय कसं?" घडीताई खोळेची घडी घालायची आणि पुन्हा म्हणायची. कधी दोघी भांडायच्या, कधी हसून हसून रुळावरच्या बाईची बोलणी खायच्या. माझे काठ उसवले, पेंटरने दिलेल्या सावल्या घामाने पुसट झाल्या. रूपाची काळजी मी सोडून दिली होती. कारण आता मला रोज नवं काम होतं. 'ब्रेक'नंतर 'सी' यायचं, 'सी'नंतर 'गिव्ह', आणि काल शेवटी असलेलं 'राइट' आज सगळ्यांच्या आधी निघायचं. भिंतीवर असताना 'राइट'पर्यंत पोचेपर्यंत लोकांचे घसे बसत, त्याच्याकडे कुणाचं धड लक्ष गेलंच नव्हतं.

एका सुट्टीच्या दुपारी घडीताई मास्तरांकडे गेली. पट्ट्यांचं पुडकं तिने त्यांच्या हातात ठेवलं आणि मान खाली घालून सांगितलं. मास्तरांनी एकेक पट्टी बोटांनी चाचपली. काठाकडे बोट गेलं की थांबत होतं. चेहरा उतरला होता, तो त्यांनी लपवला नाही.

"मी सांगितलं होतं ना, जपून?"

"हो मास्तर. ऐकलं नाही मी. पण तो भिंतीवर राहिला असता तर माझी नोकरी राहिली नसती."

मास्तरांनी पट्ट्या पुन्हा एकावर एक रचल्या. मग म्हणाले, "आयुष्यभर मी ओळीने म्हणून घेतलं. लोक खाली रस्त्यावर अडखळायचे आणि मी त्यांना आणखी मोठ्याने म्हणायला सांगायचो." त्यांनी पुडकं पुढे केलं. "मला एक काढून दे बघू."

घडीताईने पट्टी ओढली. "सी आहे, मास्तर. सी-सॉ-सीन."

"काय नियम म्हणालीस? खरं बोलायचं?"

"हो."

मास्तरांनी खोलीच्या ज्या बाजूला मी कित्येक वर्षं कपाटामागे उभा होतो, तिकडे तोंड वळवलं. "आय सॉ यू ऑल, एव्हरी इव्हनिंग," ते म्हणाले. आणि पुढे, "आय डू नॉट सी नाऊ." मग घसा खाकरून त्यांनी दरडावलं, "रडतेस काय? व्याकरण बरोबर आहे. जा, घोक. नाही, घोकू नकोस. ओढ."

महिना सरला. दुसऱ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी घडीताईने आपलं बोलणं घरी तयार केलं. सगळे पलंग मी लावून ठेवले आहेत, सगळ्यांना पाणी दिलं आहे, मळके कपडे खाली नेले आहेत. 'आय हॅव मेड ऑल द बेड्स. आय हॅव गिव्हन वॉटर टू ऑल. आय हॅव टेकन द लिनन डाऊन.' एकही अडखळ नाही. सासूबाईंनी ते इतक्या वेळा ऐकलं, की त्यांनाही पाठ झालं आणि शिलाईला आलेल्या एका बाईला त्यांनी ते म्हणून दाखवलं.

सकाळी तिला वॉर्डात उभं केलं. तिने पलंग लावले, ओढून ताणून, कड कडेला. पाण्याची भांडी ठेवली. मळके कपडे गाड्यातून खाली पोचवून आली. शेवटी खिडकीजवळच्या पलंगापाशी आली, तर तिथल्या म्हाताऱ्या बाईंचा नुकताच डोळा लागला होता. शेजारच्या पलंगावरून कुणीतरी सांगितलं, "नका उठवू हो. रात्रभर कण्हत होती. आत्ता कुठे निजलीय." घडीताई तशीच उभी राहिली. चादर मळकी होती, चुरगळलेली होती. हाताला चैन पडेना. पण तिने चादर उचलली नाही.

पलंगाचा पडदा ओढून ती वॉर्डाच्या दाराशी गेली, तेवढ्यात मेट्रन आली. कडक इस्त्रीची, कमी बोलणारी बाई. पाळीवर येणारी नवी नर्स तिच्या मागे उभी होती. "येस," मेट्रन म्हणाली.

घडीताईने तयार ठेवलेलं बोलणं सुरू केलं. "आय हॅव मेड ऑल द..." आणि थांबली.

मित्रांनो, त्या वेळी तिचा हात खिशात होता. तिच्या मुठीत माझ्या दोन-तीन पट्ट्या गच्च आवळल्या गेल्या. तयार बोलणं पूर्ण केलं असतं, तर ते बिनचूक होतं. पडद्याआडचा खिडकीजवळचा पलंग तिथून दिसत नव्हता. नोकरी एका वाक्यावर आली होती आणि ते वाक्य तिला पाठ होतं. पण ते खरं नव्हतं, आणि खरं वाक्य तिने तयार केलेलं नव्हतं. मेट्रनने घड्याळाकडे पाहिलं. नव्या नर्सने उगाच पाय बदलला. मागच्या वेळेसारखीच शांतता पसरू लागली आणि मला वाटलं, संपलं.

"नॉट ऑल," घडीताई म्हणाली.  "विंडो बेड, नो. आय हॅव नॉट मेड. शी... शी इज स्लीपिंग. ऑल नाइट पेन. आय विल मेक. नाऊ नो. शी गेट्स अप, आय विल मेक." मोडकंतोडकं, धापा टाकत, पण एकेक क्रियापद तिने जिथल्या तिथे ठेवलं. मग बाकीचं सांगितलं. पाणी दिलं आहे. कपडे नेले आहेत. ते दोन्ही खरं होतं, म्हणून ते सुरळीत आलं.

मेट्रन चालत पडद्याआड गेली, पाहून परत आली. चेहऱ्यावर काही नाही. घडीताई निकालाची वाट पाहत उभी होती. मेट्रन तिच्याशी बोललीच नाही. ती नव्या नर्सकडे वळली आणि इंग्रजीत म्हणाली, खिडकीजवळच्या बाईंना कुणी उठवू नका, त्या जाग्या झाल्या की पलंग लावा आणि दुखण्याचं डॉक्टरांना आधी कळवा. नर्स मान हलवून लगेच निघाली. तिने पलंग तपासले नाहीत, पाण्याची भांडी मोजली नाहीत, घडीताईला एक शब्दही परत विचारला नाही. सांगितलं तेवढं धरून ती कामाला लागली.

घडीताई तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघतच राहिली. आपल्या तोंडच्या शब्दांवर दुसरी बाई एवढा भरवसा ठेवून चालायला लागली, हे तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं.

"वॉर्डाचा एप्रन निळा असतो," मेट्रन मागून म्हणाली, आणि या वेळी आपल्या साध्या बोलीत. "तुला कुठल्या मापाचा लागेल?"

घडीताई जिना उतरून धुलाईघरात आली, तेव्हा रेडिओ रुळापाशी उभी होती. कधी नव्हे ती गप्प. घडीताईच्या चेहऱ्याकडे पाहून तिला काय ते कळलं. तिने मिठी मारली नाही की अभिनंदन केलं नाही. ओला हात एप्रनला पुसला आणि पुढे केला.

"आण त्या पट्ट्या."

"तू तर म्हणत होतीस, तुझं काही खरं नाही."

"म्हणत होते. इतके दिवस तुझं खरं-खोटं मीच तपासलं ना? मग माझं मला तपासता येणार नाही? मॅडमना विचारून आलेय मी. मलाही दोन संधी आहेत."

अशा रीतीने मी रेडिओच्या या एप्रनच्या खिशात आलो. वरून घडीताई जेवणाच्या सुट्टीत खाली येते आणि पट्टी ओढते. रेडिओ आधी ढिगाकडे पाहते, मग चळतीकडे, मग तोंड उघडते. चुकते फार. थांबत मात्र नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे आणखी पुष्कळ आहेत, शाळेच्या माळ्यावर, कपाटामागे, दांड्याला गुंडाळून ठेवलेले. त्यांना धूळ लागू नये म्हणून कुणी कुणी वर प्लास्टिक चढवतं. तुम्ही ते काढा आणि आम्हाला ज्याला गरज असेल त्याच्या हातात द्या. आम्ही मळू, उसवू, आमची अक्षरं पुसट होतील, होऊ द्या. आत्ता तुम्हाला सांगत होतो तोवर रेडिओने खिशात हात घातला आहे आणि 'गिव्ह'ची पट्टी तिच्या बोटांत आली आहे. गप्प बसा जरा, ती वाक्य जुळवते आहे.